शेवाळ्याची विद्या आणि शेतांतील तण

विहिरीच्या पायऱ्यांवरील हिरवें शेवाळें पाहून शेतकऱ्यास पाय घसरण्याची भीति तेवढी आठवते. अशा शेवाळ्याच्या अभ्यासांत विद्वान लोक आयुष्यें घालवितात असें ऐकिलें, म्हणजे "पैसा पाण्यांत गेला" असा शेरा सहज मारला जातो. आमचें मत याहून निराळें आहे. उसामक्याच्या पानाचा कारभार समजण्यास या क्षुद्र वनस्पतीची फार मदत झाली आहे. आणि तो कारभार न समजल्यास होणारें नुकसान शेतकऱ्यासच सोसावें लागतें.

क्लॅमिडोमोनस हें एकाच पेशीचें शेवाळें. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढी. त्यांत पेल्याच्या आकाराचें एकच हरितलवक असतें. हरितलवक म्हणजे वनस्पतीचा अन्न तयार करण्याचा कारखाना. त्याच्या आंत पातळ पापुद्रे असून त्यांत हरितद्रव्य व प्रथिनें बसविलेलीं असतात. सूर्यप्रकाश तेथेंच पकडला जातो. या शेवाळ्याचा एक वाण अंधारांत ठेविल्यास पिवळा पडतो व त्याचे पापुद्रे जवळजवळ नाहींसे होतात. उजेडांत आणिल्यावर कांहीं तासांतच ते पुन्हां उभे राहतात. ओहाड, सीकेविट्झ व पॅलाडी या शास्त्रज्ञांनीं १९६७ सालीं न्यूयॉर्क येथें हें बांधकाम टप्प्याटप्प्यानें पाहिलें.

आम्हीं सारी उमेद महसुली दप्तरांत खर्चिली असल्यामुळें या कारखान्याची व्यवस्था आम्हांस विशेष मनोरंजक वाटते. त्याचीं दप्तरें दोन आहेत. हरितलवकाच्या स्वतःच्या दप्तरांत शंभराच्या आसपास जनुकें आहेत. बाकीच्या बहुतेक सर्व प्रथिनांचीं जनुकें पेशीच्या केंद्रकांत, म्हणजे मुख्य कचेरींत, असतात. कचेरीचीं प्रथिनें बाहेर तयार होतात. त्यांपैकीं बहुतेकांच्या टोंकास जणूं पत्ता जोडलेला असतो. तो पाहून त्यांना आंत घेतात व मग पत्त्याचा तुकडा कापून टाकितात. हवेंतील कर्बवायु पकडणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाचा मोठा भाग आंतल्या दप्तराचा, तर लहान भाग कचेरीचा. लहान भाग येईनासा झाला, तर या शेवाळ्यांत मोठ्याचें उत्पादनही आपोआप मंदावतें. जोडीदाराविना माल सांठूं न देण्याची ही दक्षता अनेक मानवी कचेऱ्यांनीं उचलण्याजोगी आहे!

आंतल्या दप्तराचा वारसाही निराळा आहे. रूथ सेजर या विदुषींनीं १९५४ सालीं दाखविलें कीं, स्ट्रेप्टोमायसीनला दाद न देण्याचा या शेवाळ्यांतील एक गुण दोन्ही जनकांकडून न येतां एकाकडूनच संततींत उतरतो. तो गुण हरितलवकांतील जनुकाचा, हें पुढें सिद्ध झालें. बहुतेक पिकांत व तणांत हा वारसा आईकडून, म्हणजे बीं धरणाऱ्या झाडाकडून, येतो.

आतां आपल्या बांधावर येऊं. पापुद्र्यांतील डी-१ नांवाचें प्रथिन प्रकाशानें वारंवार नासतें आणि हरितलवक त्या जागीं नवें बसवितें. कडक उन्हांत ही डागडुजी अखंड चालते. या प्रथिनाचें जनुक आंतल्या दप्तरांतलें. ऊस व मका यांतील तणांवर मारलें जाणारें ॲट्राझीन याच प्रथिनास चिकटून त्याचें काम बंद पाडतें. मका तें औषध आपल्या अंगांत निकामी करितो, म्हणून वांचतो. परंतु अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, या घराण्याचीं औषधें वर्षानुवर्षें वापरलेल्या एका रोपवाटिकेंत तण मरेनासें झाल्याचें १९७० सालीं प्रसिद्ध झालें. १९८३ सालीं माठाच्या कुळांतील अशाच एका तणांत कारण सांपडलें. डी-१ च्या साखळींतील २६४ व्या जागीं एका घटकाऐवजीं दुसरा आला होता, एवढेंच! पुढच्याच वर्षीं, डाययुरॉनला दाद न देणाऱ्या क्लॅमिडोमोनसच्या वाणांतही त्याच जागीं बदल आढळला.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या. असें एक झाड बियांवर आलें, तर त्याचें जवळजवळ प्रत्येक बीं तो गुण घेऊनच जमिनींत पडेल. म्हणून आमचें शेतकरी बंधूंस सांगणें असें कीं, एकच औषध दरसाल मारूं नये. नांव निराळें म्हणून औषध निराळें, असेंही समजूं नये. मेट्रिब्युझीनही डी-१ च्या त्याच जागेवर घाव घालतें. आणि फवारणींतून वांचलेलें तण फुलोऱ्यावर येण्यापूर्वीं खुरप्यानें काढावें. मजूर मिळत नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु आज दहा झाडें उपटण्याचा कंटाळा केला, तर पुढें सारें शेत निंदण्याची पाळी येते.

आपल्या संघानें एक सूक्ष्मदर्शक यंत्र घ्यावें व शेतकऱ्यांच्या मुलांस डबक्यांतील पाण्याचा एक थेंब त्याखालीं दाखवावा, अशी आमची सूचना आहे. औषधाच्या डब्यावरील अक्षरें वाचतां येणें पुरेसें नाहीं. तें औषध पानांत कोठें जाऊन बसतें, हें ज्यास कळलें तोच तें जपून वापरील.