‘अनडू’ कोणाच्या हातात?

दोस्तांनो, चित्र काढताना रेघ चुकली तर आपण खोडरबर उचलतो. पण फळीत भोक चुकलं तर? म्हणून तर सुतारकाका गिरमिट चालवण्याआधी पुन्हा एकदा टेप लावून बघतात.

संगणकावर ही धास्ती नाही. कंट्रोल आणि झेड ही बटणे एकदम दाबली, की शेवटचे काम रद्द! यालाच ‘अनडू’ म्हणतात. ही युक्ती आजची नाही बरं का. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात १९६८ मध्ये तयार झालेल्या ‘फ्रेस’ या लेखन-प्रणालीतही ती होती.

अनडू चालते कशी? जेवणानंतर आपण ताटल्या एकावर एक रचतो ना, तशी. तुम्ही केलेली प्रत्येक कृती म्हणजे एक ताटली. अनडू केले की सर्वांत वरची ताटली निघते. मधली ओढून काढता येत नाही!

आता गंमत पुढेच आहे. यंत्रांचे भाग, घरे, खेळणी यांचे आराखडे संगणकावर काढण्याच्या सॉफ्टवेअरला ‘कॅड’ म्हणतात. ऑटोकॅड हे त्यातले नावाजलेले, तर फ्रीकॅड हे मोफत मिळणारे. आजवर माऊस माणसाच्या हातात असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस, म्हणजे ‘एजंट’, कॅडला परस्पर हुकूम देऊ शकतो. आपण साध्या भाषेत सांगायचं, तो आराखडा काढतो.

समजा, किल्ल्या अडकवायची एक पट्टी तुम्ही स्वतः काढलीत. लांबी १०० मिलिमीटर, रुंदी ४०, जाडी ५. मग एजंटला म्हणालात, ‘चारही कोपऱ्यांजवळ ६ मिलिमीटरचे आरपार भोक पाड आणि कोपरे गोल कर.’ त्याने चार वर्तुळे काढली, चार भोके पाडली, चार कोपरे गोल केले. झाल्या १२ कृती! पण हाय रे दैवा, ६ हा व्यास होता. त्याने ती त्रिज्या धरली. भोके झाली १२ मिलिमीटरची!

तुम्ही कंट्रोल-झेड दाबलं. काय झालं? फक्त शेवटचा कोपरा पूर्ववत झाला. तुमच्यासाठी काम एकच, पण संगणकाच्या लेखी ताटल्या बारा. दाबत बसा बारा वेळा! आणि मोजण्यात चूक होऊन तेराव्यांदा दाबलंत, तर तुमची स्वतःची पट्टीच मोडायला लागेल.

यावर उपाय आहे. काम सुरू करताना ‘इथून’ आणि संपवताना ‘इथपर्यंत’ अशी खूण करायची. मग बाराही कृतींची मिळून एकच ताटली होते. फ्रीकॅडमध्ये अशा गठ्ठ्याला नावही देता येते. ऑटोकॅडच्या अनडू हुकुमातही ‘बिगिन’ आणि ‘एण्ड’ असे पर्याय आहेत.

तुम्ही म्हणाल, ‘अनडू कशाला? एजंटलाच सांगू की, दुरुस्त कर म्हणून!’ थांबा. त्याच्या हाती अनडूचा हुकूमच नसेल, तर तो काय करील? १२ च्या भोकात ५ मिलिमीटर उंचीचे बूच बसवील आणि त्यात ६ चे नवे भोक पाडील. पडद्यावर सगळं छान! पण नंतर तुम्ही पट्टीची जाडी ५ ची ८ केलीत, की पितळ उघडं पडतं. जुने भोक आरपार ८ पर्यंत वाढते, बूच मात्र ५ वरच राहते. प्रत्येक भोकाभोवती ३ मिलिमीटर खोल खड्डा! ठिगळ आणि अनडू यांत फरक आहे तो हा.

तेव्हा एजंटला अनडू हवेच. पण ते देताना दोन अटी घालायला हव्यात.

पहिली अट: वरची ताटली कोणाची, ते आधी बघ. मधल्या वेळात तुम्ही हाताने एखादी खाच केली असेल, तर ती सर्वांत वर असणार. न बघता अनडू केले, तर तुमचीच मेहनत जायची! अशा वेळी त्याने गुपचूप थांबून तुम्हाला विचारावे.

दुसरी अट: अनडूनंतर आराखडा पुन्हा नीट बघ. कारण आराखडा मागे गेला, तरी ‘मी भोके पाडली’ हे एजंटशी झालेल्या संभाषणात तसेच राहते. तो त्याच समजुतीत राहिला, तर नसलेल्या भोकांच्या कडा घासायला निघेल!

आणि एक गोष्ट कोणत्याही अनडूच्या पलीकडची आहे. आराखडा थ्री-डी प्रिंटरकडे गेला, प्लॅस्टिक वितळून थिजलं, की कंट्रोल-झेड कितीही दाबा, ते परत रिळावर जात नाही. म्हणून ‘छापू का?’ याचं उत्तर माणसानेच द्यायचं, तेही मापं तपासून.

करून बघा: आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने एक खोका काढा. मित्राला एका वाक्यात काम सांगा. प्रत्येक रेघेमागे त्याने एक चिठ्ठी लिहून गठ्ठ्यावर ठेवायची. मध्येच एक रेघ तुम्ही मारा आणि चिठ्ठी ठेवा. आता वरून एकेक चिठ्ठी उचलत त्याचं काम पुसा. तुमची रेघ वाचते का? वाचवायची तर काय कराल?