समीकरण गाळले तरी चालेल, पुरावा गाळू नये

१/९
स्टीफन हॉकिंग यांचे ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकातील प्रत्येक समीकरणागणिक खप निम्म्यावर येईल, असे त्यांना कोणीतरी बजावले होते. त्यांनी एकच समीकरण ठेवले. पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या भौतिकशास्त्राची लोकप्रियता म्हटली की हेच उदाहरण दिले जाते.

२/९
मराठीपुढे मात्र समीकरणांच्या आधी शब्दांचा प्रश्न होता. वाचकाला विश्वाची गोष्ट सांगायची, तर ती कोणत्या शब्दांत सांगायची? या प्रश्नावरचे एक मोठे काम सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या वाईत झाले.

३/९
तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शास्त्रे शिकलेले पंडित. त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ मध्ये आला. परंतु त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला होता. आधी शब्द, मग ज्ञान, असा तो क्रम होता.

४/९
त्याच सुमारास, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. नावाचे वजन न वापरता मराठी वाचकाला विज्ञान रुचते का, याचीही ती परीक्षाच ठरली.

५/९
आज अशा पुस्तकांची चलती आहे, आणि त्याचा आनंदच आहे. तरीही एक शंका मनात राहते. समीकरण गाळताना पुष्कळदा पुरावाही गळून पडतो आणि उरते ते केवळ विस्मय. अशा वाचकाला ‘क्वांटम’ हा शब्द पुढे करून कोणीही कोणताही गंडा बांधू शकतो.

६/९
याचा उतारा सातारा-सांगलीच्याच मातीत सापडतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे; महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, वैद्यकीय शिक्षण मिरजेत. २००८ मध्ये ते आणि नारळीकर एका साध्या प्रयोगासाठी एकत्र आले. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांचाही त्यात सहभाग होता.

७/९
काही पत्रिका अतिशय हुशार मुलांच्या, काही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. कोणती पत्रिका कोणाची, हे ज्योतिषांनी सांगायचे. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर साधारण ५० टक्के बरोबर आली असती. या प्रयोगात एकही समीकरण नाही. तरी विज्ञानाची रीत पूर्ण आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. प्रश्न विचारण्याची केवढी किंमत मोजावी लागू शकते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले.

८/९
इतिहासप्रेमींना ही रीत परकी नाही. उत्तरकालीन बखर आणि समकालीन पत्र यांत विरोध दिसला, तर आपण लगेच विचारतो : लिहिणारा कोण, केव्हा लिहिले, आधार काय? मग विश्वाच्या जन्माची कथा वाचताना हा प्रश्न आपण का गिळतो? ‘विश्व प्रसरण पावते’ हे विधान पाठ करणे आणि दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून ते कसे ताडले हे समजून घेणे, यांत बखर आणि अस्सल कागद यांच्याइतकेच अंतर आहे.

९/९
म्हणून माझे मत असे : भौतिकशास्त्रावरील पुस्तकाचे यश त्याच्या खपावरून मोजू नये. ते मिटल्यावर वाचक ‘केवढे अद्भुत!’ एवढेच म्हणतो, की ‘हे कळले कसे?’ असेही विचारतो, त्यावरून मोजावे. वाईने आपल्याला शब्द दिले, नारळीकरांनी गोष्ट दिली, दाभोलकरांनी प्रश्न दिला. पुढचे पान उलटण्याआधी तो प्रश्न विचारणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.