पाळी दिसत नाही म्हणून बाईचं वय थांबत नाही

मागच्या पालकसभेला सगळे पालक निघून गेले तरी एक आई बाकावरच बसून राहिली. मुलाच्या मार्कांबद्दल बोलायचं असेल असं मला वाटलं. तिने पर्समधून घडी घातलेलं एक कार्ड काढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "टीचर, तुम्ही मराठीही शिकवता ना? हे जरा वाचून सांगा. यात माझ्या आजाराचं काही लिहिलंय का?"

ते गर्भनिरोधक इंजेक्शनचं कार्ड होतं. ही बाई उर्दू माध्यमात सातवीपर्यंत शिकलेली, वय चव्वेचाळीस. तीन मुलं झाल्यावर गेली चार वर्षं ती दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेते. पाळी पहिल्या वर्षातच थांबली. आता आठ महिने झाले, रात्री घामाने उशी भिजते, दोन वाजता झोप उडते ती पुन्हा लागत नाही, छातीत धडधडतं, लहानसहान गोष्टीवरून मुलांवर हात उगारला जातो. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं, त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग सासूच्या सांगण्यावरून कुणाकडून तरी दम केलेलं पाणी आणलं. "टीचर, मी वेडी तर होत नाहीये ना?"

कार्डावर तिचं नाव होतं, मागच्या डोसची तारीख होती आणि पुढच्या डोसची तारीख होती. चाळिशी ओलांडलेल्या बाईला या काळात काय काय होऊ शकतं, याबद्दल एक ओळही नव्हती.

मी तिला म्हटलं, "तुम्ही वेड्या होत नाही आहात. मी स्वतः यातून गेलेय."

म्हणून हा लेख. असल्या गोष्टी उघड लिहायच्या नसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. पण मग आपल्या घरातली बाई रात्री दोन वाजता खिडकीपाशी का उभी असते, हे तरी तिला विचारा.

माझं वय सत्तेचाळीस. बेचाळीसाव्या वर्षी मला अंगावरून फार जायचं. हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. डॉक्टरांनी गर्भाशयात हार्मोनची कॉइल बसवली. बाजारात ती मिरेना या नावाने ओळखली जाते. सहा महिन्यांत रक्तस्राव थांबला. दिवसाचे सहा तास वर्गात उभी राहणारी बाईच सांगू शकेल, ही केवढी सुटका असते. त्या वर्षी लग्नानंतर प्रथमच रमजानचे सगळे रोजे माझे एकसलग झाले. नणंद म्हणाली, "भाभी, नशीबवान आहात."

आपल्यातल्या पुष्कळ बायका एक हिशोब ठेवतात. हैजच्या दिवसांत नमाज माफ असते, पण सुटलेले रोजे नंतर भरून काढावे लागतात. म्हणून माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर तारखा असायच्या. चौदाव्या वर्षापासून मी त्या लिहीत आले. ते पान म्हणजे माझ्या शरीराची नोंदवही होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉइलनंतर ते पान कोरं राहिलं आणि मी आनंदात होते.

पंचेचाळिशीत त्रास सुरू झाला. सांताक्रूझ स्टेशनच्या पुलावर भर जानेवारीत बुरख्याच्या आत अंगातून वाफा निघायच्या. बोटांचे सांधे सकाळी वळायचे नाहीत. एकदा नववीच्या वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि 'विशेषण' हा शब्द आठवेना. वीस वर्षं शिकवतेय मी तो. मुलं हसली. स्टाफरूममध्ये 'मॅडमचा पारा' हा विषय झाला होता, तो वेगळाच.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "पाळी येते का?" मी म्हटलं, "नाही, कॉइल आहे." ते म्हणाले, "मग पाळीचा प्रश्नच नाही. टेन्शन कमी करा." झोपेची गोळी लिहून दिली. दुसऱ्यांनी एफएसएचची रक्ततपासणी केली. ती नॉर्मल आली, आणि "तुम्हाला मेनोपॉज नाही" असं सांगून त्यांनी फाईल मिटली. अशी दीड वर्षं गेली. राजीनाम्याचं पत्र लिहून कपाटात ठेवलं होतं. तिसऱ्या डॉक्टर बाईंनी आधी वय विचारलं, मग झोप, उष्णतेच्या लाटा, सांधे, लघवीची जळजळ, कोरडेपणा, सगळं विचारलं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. आणि म्हणाल्या, "तुमची पाळी बंद आहे, अंडाशय बंद नाही. ते आपल्या वयाने चाललंय."

हे एक वाक्य मला कॉइल बसवतानाच का सांगितलं गेलं नाही?

जरा समजून घेऊ. पाळी जाणं ही एका दिवसाची गोष्ट नसते. शेवटच्या पाळीच्या आधी काही वर्षं अंडाशयातून येणारी हार्मोन्स वरखाली होऊ लागतात. या मधल्या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या पाहणीनुसार भारतीय बाईची पाळी सरासरी ४६व्या वर्षी जाते, तर पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हा मधला काळ चाळिशी ओलांडताच सुरू होऊ शकतो. तो ओळखायची जगभरची पहिली खूण कोणती? पाळी पुढे-मागे होणं. दोन पाळ्यांमधलं अंतर सात दिवसांहून अधिक बदलणं, पुढे साठ-साठ दिवस पाळी न येणं. आणि बारा महिने आली नाही की पाळी गेली असं म्हणायचं.

ज्या बाईची पाळी औषधाने थांबवली आहे, तिला यातली एकही खूण दिसणार नाही. हार्मोनची कॉइल गर्भाशयाचं अस्तर पातळ करते, म्हणून रक्त येत नाही. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते. अंडाशय मात्र बहुतेकींचं चालू असतं. तीन महिन्यांच्या इंजेक्शनने वर्षभरात जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबते. हेच इंजेक्शन 'अंतरा' या नावाने २०१७पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. माला-डी सारख्या गोळ्यांचं आणखी वेगळं. त्यात दर महिन्याला रक्त दिसतं, पण ती खरी पाळी नव्हे. हार्मोनच्या गोळ्या संपून लोहाच्या सात गोळ्या सुरू झाल्या की येणारा तो स्राव असतो. बाई म्हणते, माझी पाळी घड्याळासारखी येते. ते घड्याळ पाकिटातलं असतं. साध्या कॉपर-टीत हार्मोन नसतं, नसबंदीनेही पाळी थांबत नाही. तेव्हा त्या दोन्हींत हा घोळ नाही.

माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीचं काय? या वर्षांत एफएसएच आज वर तर पुढच्या महिन्यात खाली असतं. एका नॉर्मल रिपोर्टवरून काहीच नाकारता येत नाही. गोळ्या आणि इंजेक्शन तर तो आकडाच बदलून टाकतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१५ साली डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईचं निदान तिच्या लक्षणांवरून करा, त्यासाठी ही तपासणी नको, असं त्यांत सांगितलं आहे. थोडक्यात, बाई जे सांगते त्यावर विश्वास ठेवा. आपल्याकडे नेमकं हेच अवघड जातं.

आता आपल्या समाजाविषयी. बाहेर समज असा की मुसलमान बायका कुटुंबनियोजन करतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी याच्या उलट सांगते. १९९२-९३मध्ये मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१मध्ये ती २.४वर आली. हे काही हवेतून झालेलं नाही. पण आपल्यात कायमची नसबंदी पुष्कळ उलेमांना मान्य नसते, आणि तात्पुरत्या उपायांना अझ्लच्या जुन्या परवानगीचा आधार मिळतो. त्यामुळे आपल्या बायका शस्त्रक्रियेपेक्षा गोळी, इंजेक्शन, कॉइल यांकडे अधिक वळतात. म्हणजे पाळी झाकून टाकणारे उपाय आपल्या वाट्याला जास्त येतात. मग या प्रश्नावर सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं ते आपण. आणि सगळ्यांत गप्प कोण? आपणच.

मला घरातच ऐकवलं गेलं, "निसर्गाच्या कामात ढवळाढवळ केलीत, आता भोगा." हे म्हणणाऱ्यांना सांगते, कॉइलमुळे हा त्रास झालेला नाही. ती नसती तरी हे वय आलंच असतं. कॉइलने माझं रक्त वाचवलं. तिने फक्त खूण झाकली, आणि झाकलेली खूण दुसऱ्या रीतीने ओळखायला शिकवणं हे माणसांचं काम होतं.

मी आलिमा नाही, मुफ्ती नाही. पण एवढं शाळेतल्या मुलीलाही शिकवतात की तलाकनंतरची इद्दत हैजवर मोजतात, आणि जिची पाळी गेली तिच्यासाठी कुराणातल्या सूरह तलाकमध्ये तीन महिन्यांची मुदत आहे. रक्ताने मोजता येत नसेल तर महिन्यांनी मोजा, हा शहाणपणा आपल्या परंपरेत चौदाशे वर्षांपासून आहे. मग दवाखान्यात आणि माजघरात आपण रक्ताशिवाय दुसरी खूणच का मानत नाही? जुम्याच्या खुतब्यात मुलांच्या तालीमवर बोललं जातं, आईबापांच्या खिदमतीवर बोललं जातं. एखाद्या जुम्याला नवऱ्यांना हेही सांगावं की चाळिशीनंतर बायकोचा स्वभाव बदलला तर पाणी फुंकून घेण्याआधी तिला डॉक्टरकडे न्या.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. पाळी दिसेनाशी करण्याचा सगळ्यांत क्रूर मार्ग आपल्या महाराष्ट्रानेच पाहिला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ साली पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळतो. या बायकांपैकी कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. अंडाशयही काढलं असेल तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती. ठेवलं असेल तरी ती लवकर येण्याची शक्यता, आणि ती आलेली कळायला पाळी नाही. ऊस तोडताना त्यांच्या अंगातून वाफा निघत असतील तेव्हा त्यांना कुणी काय सांगितलं असेल? ऊन लागलं, हेच ना?

मला दुसऱ्या टोकाचीही भीती आहे. हा लेख वाचून कुणी "काढून टाका ती कॉइल, बघू पाळी येते का" असं म्हणेल. तसं करू नका. ओळखण्यासाठी ती काढावी लागत नाही. कॉइल आत असतानाही उपचार होतात. इस्ट्रोजेन द्यायचं ठरलं तर ५२ मिलिग्रॅमची हार्मोन कॉइल गर्भाशयाच्या अस्तराचं रक्षणही करते. आणि त्रास सुरू झाला म्हणून गर्भ राहायची शक्यता संपली असंही नाही. उपाय कधी थांबवायचा हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर तपासण्या नीट व्हायला हव्यात. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर पाहून घ्यावी, कारण थकवा आणि धडधड त्यांनीही होते. आणि कित्येक महिने शांत राहून अचानक रक्त गेलं, तर "वयाचं आहे" म्हणून घरी बसू नका.

माझी मागणी मोठी नाही. चाळिशीच्या आसपासच्या ज्या बाईला पाळी थांबवणारा उपाय देता, तिला त्याच दिवशी सांगा की पुढे पाळीवरून काही कळणार नाही, म्हणून झोप, उष्णता, धडधड, सांधे, मन आणि विसरभोळेपणा यांच्याकडे लक्ष ठेव. दर तीन महिन्यांनी ती इंजेक्शनला येतेच. तेव्हा तारीख लिहायच्या आधी एक प्रश्न विचारा: रात्री झोप लागते का? आणि हे सगळं कार्डावर छापा, तिला वाचता येईल अशा लिपीत.

त्या दिवशी कार्ड परत देताना त्याच्या कोऱ्या मागच्या बाजूला मी त्या बाईला उर्दूत सहा ओळी लिहून दिल्या. कोणता त्रास, कधीपासून, रात्रीतून किती वेळा. पुढच्या डोसला जाल तेव्हा डॉक्टरांपुढे ही बाजू आधी ठेवा, असं सांगितलं. तिने कार्ड उलटून दोनदा वाचलं. मग विचारलं, "टीचर, माझ्या बहिणीसाठी अजून एक लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. माझ्या डायरीचं शेवटचं पानही मी पुन्हा भरायला घेतलंय. आता तिथे सुटलेले रोजे नसतात, सुटलेल्या झोपेच्या रात्री असतात. तुम्हीही आजपासून लिहा, आणि घरात चाळिशीची बाई असेल तर तिच्या हातात पेन द्या.