काचेवरील स्पर्श आणि दुकानदाराचे कर्तव्य

अरण्याने वेढलेल्या जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या गावचे गिऱ्हाईक दूरच्या पेठेतून एखादी वस्तू नेते, तेव्हा ती बिघडल्यास परत घेऊन येणे त्यास सोपे नसते. पावसाळ्यात तर नाहीच. म्हणून मोबाईल आत बसवून आभासी दृश्ये पाहण्याची जी पुठ्ठ्याची पेटी मुलांकरिता विकली जाते, तिच्याविषयी सभासद बंधूंपुढे दोन शब्द मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. ‘दृश्य दिसते, पण कळ दाबली तरी काही होत नाही,’ ही तिच्याविषयीची नेहमीची तक्रार.

गूगल कंपनीने अशी पेटी २०१४ साली पुढे आणली. तिच्या कडेस लोहचुंबकाची चकती होती. ती सरकविली की मोबाईलमधील होकायंत्रास चाहूल लागे. युक्ती नामी खरी, परंतु स्वस्त मोबाईलांत पुष्कळदा होकायंत्रच नसते! २०१५ च्या सुधारलेल्या पेटीत चुंबक जाऊन कळ आली व ती विद्युद्वाहक लेपाचा तुकडा काचेवर टेकवू लागली. मोबाईलची काच दाब ओळखत नाही; वाहक वस्तू जवळ आल्याने विद्युत्क्षेत्रात होणारा बदल ओळखते. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ सालीच या तत्त्वावरील स्पर्शपटलाचे वर्णन केले होते. कोरड्या पुठ्ठ्याने काच कितीही ठोकली तरी ती ढिम्म राहते, ती याच कारणाने. गूगलने आपली विक्री २०२१ मध्ये थांबविली. इतरांच्या पेट्या मात्र चालूच आहेत.

तक्रार आली की मोबाईल पेटीबाहेर काढून, ॲप चालू ठेवून, काचेवर उघड्या बोटाने स्पर्श करून पाहावा. काम झाले तर दोष पेटीचा: लेप झिजला असेल, तुकडा काचेपर्यंत पोहोचत नसेल, अथवा काचेवर चढविलेले संरक्षक आवरण फार जाड असेल. न झाले तर काच कोरड्या फडक्याने पुसावी. दमट हवेत एवढ्यानेही पुष्कळदा भागते.

परंतु कित्येकदा दोष दोहोंचाही नसून ॲप रचणाऱ्याचा असतो. पेटीची कळ काचेच्या एकाच ठिकाणी टेकते, आणि चित्र तर दोन डोळ्यांसाठी दुभागलेले असते. रचनाकाराने नेहमीच्या ॲपप्रमाणे बोट नेमके कोठे पडले हे पाहिले, तर दृश्यातील दरवाजा कधीच उघडणार नाही. स्पर्श कोठेही होवो, तो केवळ ‘होय’ समजावा आणि नजरेच्या मध्यभागी असलेली वस्तू निवडावी, हीच योग्य रीत. नजर क्षणभर स्थिर राहिली की निवड व्हावी, अशीही सोय असते. ज्या ॲपमध्ये ती आहे तेच गिऱ्हाइकास सुचवावे, असे आमचे मत आहे. कळ मोडली तरी त्याचे अडत नाही.

आता आमच्या वर्गाविषयी. चुंबकी पेटी ‘सर्व मोबाईलांस चालते’ असे सांगून विकणे आम्हांस सर्वथा अप्रशस्त वाटते. गिऱ्हाइकाच्या हातातील मोबाईल मागून घ्यावा, पेटीत घालावा, कळ दाबून दाखवावी व मगच पैसे घ्यावेत. यास वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. दिवाळीच्या गर्दीत तर तो काढणे जिवावर येते. तथापि ज्यास परत येण्याचे भाडे पेटीच्या किमतीएवढे पडते, त्याच्यापुरती तरी ही तसदी दुकानदाराने घेतलीच पाहिजे.