सणाचे सामान : मातीत की पेटीत?



सण आला की घर सजवायचे, हे कोणी शिकवावे लागत नाही. पण अलीकडे आरास म्हणजे बाजारातून आणायची वस्तू, असे होऊन बसले आहे. यंदाचे मखर वेगळे, पुढच्या वर्षीचे आणखी वेगळे. जुने द्यायचे टाकून, झालं! मला हे पटत नाही. माझे मत असे आहे की सण संपल्यावर आराशीचे सामान दोनच ठिकाणी जावे. एक तर मातीत, नाहीतर पेटीत.

मातीत म्हणजे काय, ते आधी सांगते. भाद्रपदात आपल्याकडे बांधावर आणि डोंगरउतारावर तेरडा फुलतो. पुष्कळ घरी त्याचीच गौर आणतात. तिला साडी नेसवतात, दागिने घालतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हण आहे. नावे ठेवायची असली की माणसे ती म्हणतात. पण गौर तरी घरात किती दिवस असते? आवाहन, पूजन, विसर्जन, तीनच दिवस ना? मग रंग तीन दिवस टिकला की काम झाले! नंतर तेरडा मातीला मिळतो आणि पुढच्या पावसात पुन्हा बांधावर उगवतो. पुढे दसऱ्याच्या सुमारास दाराला ‘नवे’ बांधतात. त्यात भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू, कुरडू. तेही सारे मातीचेच.

आता पेटीतले. गौर विसर्जन केली तरी तिचे दागिने आणि साडी घरीच राहतात. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत काचेच्या नळ्यांचे आणि मण्यांचे एक तोरण आहे. आजी म्हणते, “अगो, हे माझ्या रुखवतातलं. रात्री चिमणीच्या उजेडात ओवलं होतं.” तीन ठिकाणी मणी गळले आहेत, तिथे आईने दुसऱ्या रंगाचे ओवले. त्यामुळे कोणता भाग आजीचा आणि कोणता आईचा, ते बघताक्षणी कळते. असे तोरण कुठल्या दुकानात मिळेल?

दिवाळीच्या किल्ल्याचेही तसेच. आपण अंगणात दगडमातीचा किल्ला करतो. कोणी रायगड करतो, कोणी आपल्या तालुक्यातला पेठचा किल्ला. दिवाळी झाली की माती अंगणाला परत जाते. मावळे मात्र कागदात गुंडाळून डब्यात जातात. एखाद्याचा हात तुटलेला असतो, तरी पुढच्या वर्षी तो पहाऱ्याला उभा राहतोच!

ही रीत फक्त आपल्याच सणांची नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात कोरलई गाव आहे. तिथे ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. ख्रिस्ती लोक नाताळात येशूच्या जन्माचा गोठा मांडतात. ही रीत जुनी आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून असा देखावा केला होता. आता गोठ्यात लहान मूर्ती ठेवतात. बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ. सण झाला की मूर्ती गुंडाळून पेटीत आणि गवत-पेंढा मातीला. परदेशात नाताळच्या झाडाला रंगीत काचेचे गोळे टांगतात. असे गोळे जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर १९ व्या शतकात तोंडाने फुंकून करू लागले. कित्येक घरांत आजीच्या वेळचे गोळे नातवंडे दर वर्षी झाडाला लावतात. देश वेगळा, देव वेगळा, पण पेटी तीच!

आता थर्माकोल घ्या. तो मातीत कुजत नाही. पेटीत मावत नाही, मावला तरी मोडतो. म्हणजे त्याला कुठेच जागा नाही. मग तो जातो नदीत. कर्जतकरांची उल्हास आणि खालापूरकरांची पाताळगंगा, या काय कचऱ्याच्या पेट्या आहेत? २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. त्याच्या जागी आता फोम आणि प्लॅस्टिकची फुले आली. दर वर्षी ती फेकली, तर बंदीचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट पैशाची. गणपती येतात तेव्हा भात शेतात उभे असते. कापणी व्हायची असते, म्हणून नवा पैसा हातात नसतो. जुना पैसा खतात, वह्या-पुस्तकांत गेलेला असतो. अशा वेळी शेजारी मोठे मखर आले म्हणून उसने घेऊन आपणही आणायचे, याला काय म्हणावे? वर्गात मुले विचारतात, “तुमच्याकडे यंदा काय डेकोरेशन?” ज्याच्याकडे मागच्या वर्षीचेच असते, तो मान खाली घालतो. खरे तर त्याने मान ताठ ठेवावी.

काही जण म्हणतील, “दर वर्षी तेच तेच बघून मुलांना कंटाळा येतो. नवे काही नकोच का?” हवे ना! पण ते घरात केलेले असावे. पुठ्ठ्याचे मखर करावे, बांबूच्या काड्यांचा कंदील करावा, जुन्या साडीचा पडदा लावावा. विजेची माळ विकत घ्यावीच लागते. ती नीट गुंडाळून ठेवली तर पुढच्या वर्षीही लागते. दर वर्षी एकच नवी वस्तू पेटीत टाकली तर आपण मोठे होईपर्यंत पेटी भरेल.

पालकांना माझी एक विनंती आहे. गावात आराशीची स्पर्धा होते तेव्हा सर्वांत मोठ्या मखराला बक्षीस मिळते. एक बक्षीस घरातल्या सर्वांत जुन्या वस्तूलाही द्यावे. ती कोणी केली, कधी केली, हे त्या घरच्या मुलाने चार लोकांसमोर सांगावे. त्यासाठी त्याला आधी आजी-आजोबांना विचारावे लागेल. हे विचारायला उशीर करून चालणार नाही. वस्तू पेटीत राहते, पण तिची हकीकत सांगणारे माणूस कायम राहत नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर पेटी उघडा. वरच्या गोधड्या बाजूला करा. तळाशी काय आहे ते बघा, आणि विचारा, “हे कुणी केलं?”

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी