सातव्या महिन्यातली सुई

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात गरोदर बाई नाव नोंदवायला आली, की वजन, रक्तदाब आणि दंडावर एक सुई ठरलेली. बाया अजून तिला ‘टीटी’च म्हणतात. धनुर्वाताच्या त्या जुन्या लशीत घटसर्पाची भर पडून ‘टीडी’ आली, त्यालाही काही वर्षं झाली.

या सुईने काय साधलं? २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. निकष कडक होता: प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ ब्लेडने कापलेली नाळ यांचा त्यात मोठा वाटा. पण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात, ही किमया लशीची.

मग डांग्या खोकल्याला यातून का वगळलं?

बाळाला त्याची लस पेंटाव्हॅलंटमधून मिळते, तीही दीड महिन्याचं झाल्यावर. तोवर ते उघडंच. एवढ्या तान्ह्या जिवाला कधी कधी ढासही लागत नाही; श्वास थांबतो, अंग निळं पडतं. आजार आणलेला असतो बहुधा घरातल्याच खोकणाऱ्या माणसाने.

यावर ‘टीडॅप’ ही तिन्ही रोगांची लस आहे. ब्रिटनने २०१२ पासून गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याची लस सुरू केली, तेव्हा तान्ह्या बाळांना सुमारे ९१ टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. पुढे लस घेणाऱ्या कमी झाल्या आणि २०२४ च्या साथीत इंग्लंडमध्ये ११ अर्भकं दगावली. आपल्याकडे प्रसूतितज्ज्ञ ही लस सुचवतात, पण खासगीत तिला हजारावर रुपये पडतात. कापूस वेचणाऱ्या बाईची ती कित्येक दिवसांची मजुरी.

टीडीच्या एका डोसाऐवजी सरकारने टीडॅप मोफत द्यावी. खर्च वाढेल, नाकारण्यात अर्थ नाही. पण झरी जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाणारी नर्सबाई तीच, आशाताई तीच, लशीची थंड पेटीही तीच.

वेळ मात्र सांभाळावी लागेल. ही लस २७ ते ३६ आठवड्यांत देणं चांगलं, आणि नेमकी सातव्या महिन्यात ओटी भरून पहिलटकरीण माहेरी निघते. ते माहेर कधी पैनगंगेपलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबादेत असतं. म्हणूनच हा निर्णय एकट्या मुंबईने घेऊन भागणार नाही. तो दिल्लीतून, साऱ्या राज्यांसाठी व्हायला हवा.