धावून निधी जमतो, पण दिव्यांग खेळाडूचे रोजचे रिक्षाभाडे कोण देणार?

दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते. २००४ साली ती सुरू झाली आणि आज देशात धावण्यातून निधी उभा करण्याचे ते मोठे व्यासपीठ झाले आहे. "मी २१ किलोमीटर धावणार आहे, तुम्ही या संस्थेला मदत करा," असा मेसेज नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना जातो आणि पैसे जमतात. यात दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थाही असतात. आता लहान शहरांतही अशा दौडी होतात, आपल्या मोहल्ल्यातली मुले त्यात भाग घेतात. माशाअल्लाह, चांगलेच आहे. पण जमलेला पैसा खेळाडूच्या कोणत्या गरजेला लागतो, हे विचारायला हवे.

देणगीने काय होऊ शकते ते आपल्या महाराष्ट्रानेच दाखवले आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. त्यांच्या प्रवासखर्चाला माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार लागला होता. म्हणजे ते सुवर्ण वर्गणीच्या तिकिटावर आले, असे म्हणायला हरकत नाही.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके घेतली, त्यात सात सुवर्ण. सांगलीच्याच सचिन खिलारींनी गोळाफेकीत रौप्य जिंकले. केंद्र सरकारने सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख आणि कांस्याला ३० लाख जाहीर केले. आनंद आहे. मात्र हे सगळे पदकानंतरचे. पदकाच्या आधीच्या आठ-दहा वर्षांचे काय?

खरी अडचण तिथेच आहे. दवाखान्यात मिळते त्या साध्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळता येत नाही. खेळाच्या खुर्चीची चाके तिरकी असतात, ती खेळाडूच्या मापाने बनवावी लागते आणि मुलाची उंची वाढली की बदलावी लागते. अंध धावपटूसोबत दोरीने जोडलेला गाइड धावतो. पॅरिसला २०० मीटरमध्ये कांस्य जिंकणाऱ्या सिमरन शर्मासोबत अभय सिंह धावले होते. गाइडला रोज सरावाला यावे लागते, त्याचेही पोट आहे. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे मैदानापर्यंतचे रिक्षाभाडे आणि सोबत येणाऱ्या अम्मीचा बुडालेला रोज. वर्षातून एकदा स्टेजवर फोटो काढून दिलेल्या चेकने हे भागत नाही. दर महिन्याला थोडे थोडे लागते.

शिक्षक म्हणून आम्ही आणखी एक गोष्ट पाहतो. क्रीडादिनी दिव्यांग मुलाला गुण लिहायला बसवतात, नाहीतर टाळ्या वाजवायला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने क्रीडा क्षेत्रातल्या त्यांच्या सहभागासाठी पावले उचलण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, तरी शाळेच्या मैदानावर तो फारसा दिसत नाही. घरचेही म्हणतात, बिचारी कुठे पळणार? बंगालच्या सकीना खातून यांना लहानपणी पोलिओ झाला. त्याच सकीना यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत पॉवरलिफ्टिंगमध्ये कांस्य जिंकले. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

आपल्या समाजात देण्याची सवय आहे. फी, औषध, रेशन यांना लोक लगेच हात पुढे करतात. खेळाचे नाव काढले की मात्र "हे शौक आहेत" असे उत्तर येते. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, त्याबद्दल उलेमांना विचारावे. नफली सदक्याला तेवढी बंधने नाहीत. दहा घरांनी मिळून एका मुलीचे वर्षभराचे रिक्षाभाडे उचलले, तरी ती मैदानावर टिकेल.

पुढच्या दौडीचे फॉर्म निघतील तेव्हा आयोजकांना विचारा: टी-शर्ट, मंडप आणि मेडलवर किती जाणार, खेळाडूच्या हातात किती आणि किती महिने? संस्थेचा मागच्या वर्षीचा हिशेबही मागा. आणि हो, त्या दौडीत व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी रस्ता ठेवला आहे का, तेही विचारा.